चार रात्रींची थंडी आणि नगरचे माळवद

घर कशासाठी बांधतात, असा प्रश्न नगर जिल्ह्यातल्या पाचवी-सहावीच्या वर्गात विचारून पाहावा. ऊन, पाऊस, चोर, साप, विंचू अशी उत्तरे भराभर येतील. थंडी आलीच तर यादीच्या शेवटी येईल. मुलांचे त्यात काही चुकत नाही. उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या वर जाणारा पारा आणि बहुतेक तालुक्यांत वर्षाला जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, अशा मुलखात माणूस आधी उन्हाचाच विचार करणार. हिवाळ्यातल्या बहुतेक रात्री तर इथे सुखाच्याच असतात.

पण अधूनमधून एखाद्या वर्षी उत्तरेकडचे कोरडे वारे खाली उतरतात, मग वारा पडतो, आकाश धुतल्यासारखे स्वच्छ होते, आणि तीन-चार रात्री अशा येतात की पहाटे गवतावरचे दव पांढरे, कडक झालेले दिसते. ठिबकच्या नळीतून गळलेल्या थेंबांचे बर्फ होते. द्राक्षबागायतदार रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून जागतात. वर्तमानपत्रांत नीचांकी तापमानाची चौकट येते आणि नगर, नाशिक, निफाड ही नावे तिच्यात वरच्या ओळींत असतात. चौथ्या-पाचव्या दिवशी ढग येतात आणि सगळे विसरले जाते.

या चार रात्रींसाठी घराची काही तयारी असते का? पूर्वी होती का? अहमदनगर जिल्ह्याच्या (२०२४ पासून त्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर) जुन्या घरांकडे या नजरेने पाहिले, तर इतिहास आणि भौतिकशास्त्र दोन्हींचा एक चांगला धडा हाती लागतो.

आधी थंडी किती, ते पाहू. शेजारच्या दोन जिल्ह्यांच्या नोंदी बोलक्या आहेत. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. नाशिकला ७ जानेवारी १९४५ रोजी ०.६ अंशाची नोंद झाली. (त्या जानेवारीत नगरच्या भुईकोट किल्ल्यात जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद आणि काँग्रेसचे इतर पुढारी स्थानबद्ध होते. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ नेहरूंनी तिथेच, आदल्या वर्षीच्या एप्रिल ते सप्टेंबरात लिहिले होते.) पुढे ९ फेब्रुवारी २०१२ रोजी नाशिक पुन्हा २.७ अंशांपर्यंत घसरले. नगर या दोघांच्या मधल्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंचीवर आहे.

इथे एक शंका चाणाक्ष मुले काढतातच. यातला एकही आकडा शून्याच्या खाली नाही, मग दव गोठले कसे? वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. तो सावलीतल्या हवेचे तापमान सांगतो. उघड्यावरच्या गवताच्या पात्याचे तापमान स्वच्छ, निवांत रात्री त्याहून तीन-चार किंवा पाच अंशांनीसुद्धा कमी असू शकते. म्हणून वर्तमानपत्रात ‘४ अंश’ छापून येते त्या पहाटे शेतात बर्फ सापडू शकते. हवेपेक्षा गवत थंड! मग गवताने आपली उष्णता दिली कोणाला? हवेला नक्कीच नाही, कारण हवा त्याच्याहून गरम आहे.

या प्रश्नाचे उत्तर मिळायला बराच काळ लागला, आणि त्या उत्तराचा एक धागा आपल्याच देशातल्या एका जुन्या धंद्यातून निघतो.

उसाच्या चिपाडांवरचे बर्फ

ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधील सैन्याचे सेनापतिपद सांभाळलेला सर रॉबर्ट बार्कर हा चौकस माणूस होता. १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याने अलाहाबाद आणि कलकत्ता भागात बर्फ कसे ‘पिकवतात’ याची हकीकत प्रसिद्ध केली. यंत्र नाही, हिमालयातून आणलेले बर्फ नाही. मोकळ्या मैदानात सुमारे ३० फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्डा खणायचा. तळाशी उसाची किंवा मक्याची वाळलेली चिपाडे वीतभर जाडीने पसरायची. त्यावर उथळ, बिनझिलईच्या मातीच्या परळांच्या रांगा मांडायच्या आणि दिवस मावळताना त्यांत उकळून गार केलेले पाणी ओतायचे. सूर्य उगवण्याआधी येऊन वरचे बर्फ गोळा करायचे. निसर्गात आपोआप झालेले बर्फ तिथे आपण कधी पाहिले नाही, असे बार्कर सांगतो. म्हणजे हवा शून्याच्या वर, तरीही परळात बर्फ.

हे वाचून कोणीही म्हणेल, मातीचे भांडे झिरपते, पाण्याची वाफ होते, माठासारखे पाणी गार होते. त्या काळच्या पुष्कळ विद्वानांचेही हेच मत होते. पण बर्फ करणाऱ्या कारागिरांचा अनुभव उलटा होता. वारा सुटला की बर्फ धरत नसे. बाष्पीभवनाने काम होत असते तर वाऱ्याने उलट मदतच केली असती. शिवाय चिपाडे ओली झाली की ती बदलून कोरडी घालावी लागत.

हे कोडे सोडवले विल्यम चार्ल्स वेल्स नावाच्या डॉक्टरने. जन्म अमेरिकेतल्या चार्ल्सटनचा, व्यवसाय लंडनमध्ये, प्रकृती तोळामासा. तरीही हा गृहस्थ रात्र-रात्र लंडनजवळच्या एका बागेत बसून दवाची वजने करी. १८१४ साली त्याचा दवावरचा निबंध प्रसिद्ध झाला. साधनांची गरिबी आणि विचारांची श्रीमंती यांचा इतका चांगला नमुना विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच सापडतो, असे मला वाटते. त्याचा एक प्रयोग असा. चार खुंट्यांवर एक फळी आडवी ठेवली. दहा ग्रेन वजनाचा लोकरीचा एक पुंजका फळीच्या वर आणि तेवढाच दुसरा फळीच्या खालच्या बाजूला लावला. सकाळी वरच्याचे वजन १४ ग्रेनांनी वाढले होते, खालच्याचे अवघे चार. हवा दोघांनाही तीच, गारवाही तोच. फरक एवढाच की वरच्या पुंजक्याला आकाश दिसत होते आणि खालच्याला फळी.

वेल्सचा निष्कर्ष हा की प्रत्येक वस्तू सतत उष्णता प्रारित करत असते. ढग, झाड, छप्पर समोर असेल तर त्यांच्याकडून बरीचशी उष्णता परत येते. स्वच्छ आकाशाकडून फार थोडी परत येते. म्हणून आकाशाकडे तोंड करून पडलेले गवत हवेहूनही थंड होते. बंगालच्या बर्फाचाही त्याने हाच अर्थ लावला. परळातले पाणी वर आकाशाला उष्णता देत राहते. खालची जमीन त्याला उष्णता पुरवू पाहते, पण मधली कोरडी चिपाडे ती अडवतात. चिपाडे ओली झाली की अडसर संपला.

वेल्सने एक कबुलीही दिली आहे. माळी लोक नाजूक रोपांवर पातळ चटई अंथरत तेव्हा त्याला हसू येई. एवढ्या पातळ आवरणाने हवेची थंडी कशी थांबणार? नंतर त्याने स्वतः गवताच्या वर काही इंचांवर चार काठ्यांना एक तलम रुमाल ताणून बांधला आणि खालचे गवत उघड्या गवतापेक्षा कित्येक अंशांनी गरम असल्याचे पाहिले. रुमालाने हवा अडवली नव्हती, आकाश अडवले होते.

आजच्या आकड्यांत सांगायचे तर दहा अंश सेल्सिअस तापमानाचा एक चौरस मीटर पृष्ठभाग साधारण ३६० वॅट उष्णता बाहेर टाकतो. डिसेंबरातले आपल्या पठारावरचे कोरडे, निरभ्र आकाश त्यातले अडीचशे-पावणेतीनशे वॅट परत करते. उरलेली शंभरेक वॅटची तूट रात्रभर चालू राहते. हवेत बाष्प जास्त असेल किंवा ढग असतील तर ती पुष्कळच कमी होते. म्हणून मुंबईच्या दमट हवेत असा कडाका पडत नाही आणि म्हणूनच ढग आले की नगरची थंडी एका रात्रीत पळते.

या विषयात पुण्याचेही नाव जगात गेलेले आहे. रामन यांचे शिष्य एल. ए. रामदास हे भारतीय हवामान खात्यात होते आणि १९३२ पासून पुण्यात शेतीविषयक हवामानशास्त्राचा विभाग त्यांनी उभारला. त्याच वर्षी त्यांनी आणि एस. आत्मनाथन यांनी एक विचित्र निरीक्षण प्रसिद्ध केले. स्वच्छ, निवांत रात्री उघड्या जमिनीवर सर्वांत थंड जागा जमिनीलगत नसते, जमिनीपासून काही सेंटिमीटर ते अर्ध्या मीटरपर्यंतच्या उंचीवर असते. जमीन थंड होते आणि तिच्यामुळे हवा थंड होते, मग जमिनीपेक्षा वरची हवा अधिक थंड कशी? पुष्कळांनी मोजणीतच चूक असणार असे धरले. १९५७ साली राश्के या जर्मन शास्त्रज्ञाने पुण्यात येऊन काळजीपूर्वक मोजमापे घेतली आणि रामदासांचे म्हणणे खरे ठरले. बंगळूरच्या रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली त्याचा सिद्धांत मांडला. पुढे तिथल्याच प्रयोगांतून हवेतल्या सूक्ष्म धूलिकणांचाही त्यात हात असल्याचे दिसले. जमिनीलगतची हवासुद्धा आपली उष्णता थेट आकाशाला देत असते, हे या सगळ्याचे सार.

म्हणजे आपल्याकडची कडाक्याची थंडी बाजूने कमी आणि वरून जास्त येते. युरोपातल्या घराला दाराखिडक्यांच्या फटींतून शिरणारा बोचरा वारा अडवायचा असतो. नगरच्या घराला त्या चार रात्री मुख्यतः आकाश अडवायचे असते. आता माळवदाकडे पाहू.

एक फूट माती

प्रवरेच्या खोऱ्यात मातीच्या भिंतींची घरे नवी नाहीत. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७०च्या दशकात झालेल्या उत्खननात ताम्रपाषाण काळातल्या, म्हणजे तीन हजार वर्षांहून जुन्या मातीच्या घरांचे अवशेष मिळाले. पण आज ज्याला आपण माळवद किंवा धाब्याचे घर म्हणतो ते नगर, बीड, सोलापूर या कमी पावसाच्या पट्ट्याचे खास घर. अकोले तालुक्यात भंडारदरा-घाटघरकडे गेले की पाऊस इतका वाढतो की तिथे उतरते छप्परच लागते. सपाट मातीचे छत तिथे एक पावसाळाही निभावणार नाही.

माळवदाची रचना पुष्कळ शिक्षकांनी आपल्या आजोळी पाहिली असेल. जाड भिंती, त्यांवर आणि लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा दाट थर, त्यावर कडुनिंबाचा पाला, मग चिखलाचा थर आणि सगळ्यांत वर पांढरी माती. पाणी जायला हलका उतार आणि कडेला पन्हळी. उजेडाला आणि धुराला छतातच एक झरोका. पांढरी माती यायची कुठून? गावठाणातल्या जुन्या पडक्या घरांच्या ढिगाऱ्यांतून. शेताला ‘काळी’ आणि वस्तीला ‘पांढरी’ म्हणायची आपली जुनी रीत या मातीवरूनच आहे. शेतातली काळी माती छतावर टाकली तर पावसात ती फुगते आणि उन्हात तडकते. पिढ्यान् पिढ्यांची राख आणि चुनखडी मिसळलेली पांढरी त्यामानाने गुमान राहते. पावसाळ्याच्या तोंडावर तिचा नवा हात द्यायचा, हे दरवर्षीचे काम.

आता हिशेब करू. उष्णता मातीतून फार सावकाश सरकते. छताला दिवसा ऊन आणि रात्री थंडी असे झोके मिळतात. एक फूट मातीच्या थरातून हा झोका आतल्या बाजूला पोहोचायला नऊ-दहा तास लागतात, आणि पोहोचेपर्यंत तो बारा-तेरा पटींनी सौम्य झालेला असतो. दुपारी दीड-दोन वाजताचे ऊन माळवदाच्या आत रात्री अकरा-बाराच्या सुमाराला उतरते. आणि पहाटे पाचचा कडाका आत येतो दुपारी, तोही उरलासुरला. बाहेर आकाशाकडे पाहणारी मातीची वरची कातडी पार गारठलेली असते, दव पडून ओलीही असते, पण आत झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर आदल्या दुपारचे ऊन असते. त्या मातीला माणसे शेकोटीच म्हणत नव्हती इतकेच.

उन्हाळ्यात अर्थातच ही रात्रीची ऊब नकोशी होते. त्यावरचा उपायही घरातच होता. शिडी लावायची आणि माळवदावर जाऊन आकाशाखाली झोपायचे. एकच छत उन्हाळ्यात गादी आणि हिवाळ्यात पांघरूण.

त्या छताखाली माणसे एकटी नसत. जुन्या घरांत बैल-गाय बांधायची जागा बहुधा दारातून आत शिरल्यावर लगेच असे. आपल्याकडचे मध्यम अंगाचे जनावर तीनशे-चारशे वॅट उष्णता सतत बाहेर टाकते, झोपलेला माणूस सत्तर-ऐंशी. दोन बैल आणि एक गाय म्हणजे रात्रभर चालणारा एक किलोवॅटचा हीटर, आणि त्याला वीज नको. गोमाश्या, वास आणि आजार यांची किंमत मोजावी लागे, हे खरेच. ती व्यवस्था परत आणावी असे कोणी म्हणणार नाही.

पांघरुणांत घोंगडी आणि वाकळ. घोंगडी दख्खनी मेंढीच्या जाड, भरड लोकरीची, बहुतेक वेळा काळी. धनगर मेंढ्या पाळत आणि लोकर कातरत. सणगर खड्ड्याच्या मागावर विणत आणि चिंचोक्याची खळ देऊन ती कडक करत. ती टोचते, म्हणून शहरात तिची चेष्टा होते. पण तिचे दोन गुण पाहा. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी वाफ पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही, आणि वाफ शोषताना तिच्यातून थोडी उष्णताही बाहेर पडते. उघड्या रानात मेंढ्यांजवळ झोपणाऱ्या धनगराला दवाच्या रात्री हेच तर हवे. डोक्यावरून घेतलेल्या घोंगडीची खोळ म्हणजे तर वेल्सचा रुमालच. वाकळ किंवा गोधडी म्हणजे जुन्या लुगड्या-धोतरांचे थर. तिच्यात ऊब कापडाची नसते, थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते. म्हणून दाबून, मळून सपाट झालेली गोधडी थंड लागते.

माळवद का गेले

इतके चांगले होते तर ते गेले का? पहिले कारण लाकूड. सागाच्या तुळया परवडेनाशा झाल्या. दुसरे कारण ते छत दरवर्षी माणूस मागते. घरातले तरुण पुण्या-मुंबईला किंवा कारखान्यावर गेले की माती चढवायला कोण?

तिसरे कारण सर्वांत गंभीर आहे आणि माळवदाचे गोडवे गाणारे लेख ते टाळतात. एक फूट माती म्हणजे दर चौरस मीटरला जवळजवळ अर्धा टन वजन. दरवर्षी नवा थर चढवायचा आणि जुना काढायचा नाही, या सवयीने ते वाढतच जाते. दहा बाय बाराच्या खोलीत झोपलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर पाच टनांहून अधिक माती असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादमधली हजारो माणसे दगड-मातीच्या भिंती आणि या छतांखाली गाडली गेली. त्यानंतर पठारावरच्या गावोगाव माळवदाची भीती बसली, आणि ती भीती रास्त होती. चार रात्रींच्या थंडीसाठी ते धोके पत्करा, असे कोणाला सांगता येणार नाही.

त्याच्या जागी आला पत्रा. नालीदार लोखंडी पत्र्याचे पेटंट लंडनमध्ये १८२९ साली घेतले गेले आणि पुढच्या दशकात त्यावर जस्ताचा मुलामा चढू लागला. आगगाडी आणि छावण्यांबरोबर तो आपल्याकडे आला आणि गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत गावोगाव पसरला. हलका, स्वस्त, एका दिवसात चढणारा, भूकंपात जीव न घेणारा. पण उष्णतेच्या हिशेबात तो भिंगासारखा पातळ आहे. आकाशाने वरून खेचलेली उष्णता खालून तत्काळ भरून द्यावी लागते, आणि ती देतात खाली झोपलेली माणसे. पत्रा हवेपेक्षाही थंड होतो. मग माणसांच्या श्वासातली वाफ त्याला खालून दवासारखी धरते आणि पहाटे टपटप गळते. पाऊस नसताना पत्रा गळतो, ही तक्रार पुष्कळांनी ऐकली असेल. गंमत अशी की नवा चकचकीत पत्रा उष्णता कमी प्रारित करतो आणि जुना, गंजलेला किंवा रंगवलेला पत्रा जास्त. जितके घर जुने तितकी पहाट वाईट.

स्लॅब पत्र्यापेक्षा बरा, पण लोक समजतात तितका नाही. चार-साडेचार इंच काँक्रीटमधून दिवसाचा झोका तीन तासांत आत येतो. दुपारचे ऊन संध्याकाळी घरात, आणि मध्यरात्रीची थंडी पहाटे घरात. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात, दोन्हीकडे नेमक्या नको त्या वेळी.

मग पत्र्याखालच्या घराने काय करावे? वेल्सचा रुमाल इथेही चालतो. पत्र्याच्या खाली वीतभर अंतरावर जुन्या साड्या, गोणपाट किंवा चटईचे छत ताणून बांधले की माणसाला थंड पत्रा ‘दिसत’ नाही, मधली हवा अडसर होते आणि गळणारे थेंबही अंथरुणावर येत नाहीत. चुलीपासून ते दूर हवे, एवढे मात्र पाहावे. उन्हाळ्यातही याचा तेवढाच उपयोग होतो.

कोपी

या जिल्ह्यात पत्र्याहूनही कमी आडोशाखाली कडाक्याच्या रात्री काढणारे लोक हजारोंनी आहेत. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. त्यानंतर जिल्ह्यात कारखान्यांची रांग लागली. ऊस तोडायला बीडहून आणि नगरच्याच पाथर्डी, शेवगाव, जामखेड तालुक्यांतून कोयते येतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हंगाम चालतो ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, म्हणजे थंडीचा सगळा काळ त्यात सापडतो. मुक्काम कोप्यांत, आणि कोप्या बहुधा नदी-कालव्याकडच्या सखल रानात. थंड हवा जड असते, पाण्यासारखी उतरून सखलातच साचते. पहाटे चार-पाचला, रात्रीतल्या सर्वांत थंड प्रहरी, आई-बाप फडात जातात आणि लहान मुले कोपीत राहतात.

कोपी पूर्वी पाचटाची असे, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पानांची. अलाहाबादच्या खड्ड्यात परळाखाली पसरलेली उसाची चिपाडे आठवा. तिथे उसाच्या त्या कोरड्या अवशेषाने जमिनीची ऊब अडवून बर्फ धरले, इथे त्याच उसाचे पाचट डोक्यावर आकाश अडवून माणसाला वाचवते. वीतभर जाडीच्या कोरड्या पाचटात हवा इतकी अडकलेली असते की पांघरूण म्हणून ते स्लॅबलाही मागे टाकेल. पण ते पेटते. एका ठिणगीने कोप्यांची रांग जळते, म्हणून आणि वेळ वाचतो म्हणून आता वर प्लॅस्टिक आले.

इथे भौतिकशास्त्र डाव साधते. पातळ, पारदर्शक पॉलिथिनला आपण आडोसा समजतो. वाऱ्याला आणि पावसाला तो आहेच. पण आपल्या शरीरातून निघणाऱ्या उष्णतेच्या किरणांपैकी तीन-चतुर्थांशाच्या आसपास त्यातून आरपार जातात. या किरणांच्या लेखी ते प्लॅस्टिक काचेहूनही पारदर्शक आहे. काच तरी त्यांना अडवते. म्हणजे त्या कागदाखाली झोपलेले मूल उष्णतेच्या हिशेबात जवळजवळ उघड्या आकाशाखालीच झोपलेले असते. दव धरून कागद ओला झाला की पाण्याचा पापुद्रा थोडे अडवतो. जाड, रंगीत ताडपत्री त्यामानाने बरी. कागदाच्या आतून एक जुने लुगडे ताणले तरी मोठा फरक पडतो.

थंडी असह्य झाली की घरात किंवा कोपीत शेगडी येते. माळवदाला झरोका होता, कुडाच्या भिंतीला फटी होत्या. सिमेंटच्या खोलीची दारे-खिडक्या गच्च बंद करून निखाऱ्यांची शेगडी ठेवली तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. झोपलेला माणूस जागाच होत नाही. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये, म्हणजे आपल्यासारख्याच उष्ण मुलखात, फेब्रुवारी २०२१ मध्ये अचानक कडाका पडला आणि वीज गेली. नळ फुटले, घरे गारठली आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. बंद घरात जनरेटर, शेगड्या, गॅरेजमध्ये चालू ठेवलेल्या मोटारी यांच्या धुराने दगावलेलीही त्यांत होती. निखारे पूर्ण निवल्याशिवाय शेगडीजवळ झोपू नये, हे मुलांकरवी घरोघर पोचवण्यासारखे आहे.

शाळेच्या मैदानावर

हा सगळा विषय चार तापमापकांत बसतो. थंडीची लाट आल्याची बातमी ऐकली की त्या संध्याकाळी मैदानात, भिंती-झाडांपासून दूर, चार एकसारख्या मातीच्या पणत्या कोरड्या पाचटाच्या किंवा गवताच्या थरावर ठेवाव्यात. प्रत्येकीत सारखेच पाणी आणि एक तापमापक. पहिली उघडी. दुसरीवर चार काड्यांवर वीतभर उंच ताणलेला सुती रुमाल. तिसरीवर तसाच पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद. चौथी पाचटाशिवाय थेट जमिनीवर, उघडी. निफाडकडच्या किंवा प्रवराकाठच्या शाळांना एखाद्या वर्षी पहिल्या पणतीत बर्फाचा पापुद्राही मिळेल.

ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री हा प्रयोग पुन्हा करावा, चारही आकडे एकमेकांच्या जवळ येतील. मोजणी पहाटे साडेपाचपासून सूर्य उगवल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांपर्यंत दर दहा मिनिटांनी करावी, कारण सूर्य दिसू लागल्यावरही पहिली काही मिनिटे जमीन मिळवते त्यापेक्षा जास्त गमावत असते आणि रात्रीतला सर्वांत कमी आकडा बहुधा तेव्हाच पडतो.